ऑस्टेरिटी म्हणजे नेमकं काय, आणि ती लागू कधी पडते?

सांजसकाळ

कर्जबाजारी देशांच्या धाग्यावर "सरकारने काटकसर करावी की नाही" यावरून इतकं तावातावाने भांडण चाललंय की मूळ मुद्दा बाजूलाच राहिला, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तिथले प्रतिसाद वाचून वाटलं की निम्मे लोक एका गोष्टीबद्दल बोलतायत आणि निम्मे दुसऱ्याच.

आधी व्याख्या. सरकारची तूट कमी करायची म्हणून खर्चात कपात करणं किंवा कर वाढवणं किंवा दोन्ही, याला ऑस्टेरिटी म्हणतात. एखादी निकामी योजना बंद करून तो पैसा शाळांकडे वळवला तर ती ऑस्टेरिटी नव्हे, ते चांगलं प्रशासन, ते कधीही करावं. ऑस्टेरिटीत पैसा वळवत नाहीत, अर्थव्यवस्थेतून काढून घेतात. आणि हा शब्द जेव्हा जेव्हा बातम्यांत येतो तेव्हा बहुतेक वेळा मंदी तरी चालू असते नाहीतर कर्ज देणारा दारात उभा असतो, त्यामुळे "सुबत्तेत केलेली बचत" आणि "मंदीत केलेली कपात" या दोन फार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात.

त्या धाग्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला युक्तिवाद म्हणजे घर चालवणारा माणूस खर्च वाढला की हात आखडता घेतो, तसंच सरकारनेही घ्यावा. ऐकायला पटतं, पण घराने खर्च कमी केला म्हणून घराचा पगार कमी होत नाही, सरकारचा होतो! बऱ्याच श्रीमंत देशांत सरकारी खर्च जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ४० ते ५० टक्के असतो. एवढ्या मोठ्या खर्च करणाऱ्याने हात आखडला की तो पैसा ज्यांच्या हातात पगार, पेन्शन, कंत्राटाची बिलं म्हणून पडणार होता ते सगळे आपापला खर्च कमी करतात, त्यांच्याकडून ज्यांना मिळणार होता तेही करतात, आणि शेवटी सरकारचं करांचं उत्पन्न घटतं.

एक छोटा हिशोब करून बघा. समजा जीडीपी १०० आणि कर्जही १००, म्हणजे प्रमाण १०० टक्के. सरकारने ३ ची कपात केली. मंदीत गुणक (मल्टिप्लायर, म्हणजे १ ची कपात केली की जीडीपी कितीने घटतो तो आकडा) १.५ धरला तर जीडीपी ४.५ ने घटेल. घटलेल्या जीडीपीवर ४० टक्के दराने कर बुडाला असं धरलं तर १.८ गेले. म्हणजे ३ वाचवायला गेलो आणि हातात राहिले १.२. कर्ज ९८.८, जीडीपी ९५.५, प्रमाण जवळजवळ १०३.५ टक्के. कपात करून कर्जाचं ओझं वाढलं! आता हाच हिशोब गुणक ०.५ धरून करा, जीडीपी १.५ ने घटतो, कर ०.६ बुडतो, वाचतात २.४, प्रमाण साधारण ९९ वर येतं. म्हणजे कपात तीच, सरकार तेच, पण एकदा ओझं वाढलं आणि एकदा कमी झालं. सगळा वाद त्या गुणकाचा आहे, आणि तो मोठा कधी असतो तर जेव्हा लोकांकडे कामं नसतात, बँका कर्ज देत नसतात आणि व्याजदर आधीच शून्याजवळ असल्यामुळे मध्यवर्ती बँकेला ते आणखी खाली आणून धक्का सौम्य करता येत नाही.

म्हणून माझं मत असं की "कपात करावी की नाही" हा प्रश्नच अर्धवट आहे, "कधी" हे विचारल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. अर्थतज्ज्ञ केन्सने १९३७ मध्ये हेच लिहून ठेवलंय, की सरकारी तिजोरीने काटकसर करायची ती तेजीत, मंदीत नाही. बोला आता.

चौकस

धाग्यासाठी धन्यवाद, हिशोब आवडला. पण एक मोठी अडचण राहतेच. तुम्ही म्हणताय तेजीत करा. तेजीत कुठलं सरकार करतं? तेव्हा करकपात जाहीर होते, भरत्या होतात, निवडणुका जिंकल्या जातात. मग मंदी आली की तिजोरी रिकामी आणि कर्ज द्यायला कोणी तयार नाही. ग्रीसने काय करायला हवं होतं सांगा. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये नवं सरकार आलं, त्यांनी आधीच्यांचे आकडे खोटे होते म्हणून सांगितलं, तूट शेवटी जीडीपीच्या १५ टक्क्यांच्या वर निघाली. १५ टक्के! एवढी तूट सरकारी कर्जरोखे विकून भागवायची तर घेणारा कोणीतरी पाहिजे ना.

ठाम

चौकस यांच्याशी पूर्ण सहमत. ऑस्टेरिटीला नावं ठेवणं सोपं आहे कारण त्रास डोळ्यांना दिसतो, ती केली नसती तर काय झालं असतं ते दिसत नाही.

मी तीन देशांची नावं देतो. कॅनडा: १९९५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी जबरदस्त कपात केली, तेव्हा केंद्र सरकारच्या महसुलातला साधारण एक तृतीयांश नुसत्या व्याजात जात होता, आणि १९९७-९८ पर्यंत तूट जाऊन शिल्लक दिसायला लागली. स्वीडन: नव्वदच्या दशकातल्या बँक संकटानंतर शिस्त लावली, आज त्यांचं कर्ज युरोपातल्या कमी कर्जांपैकी आहे. लाटविया: २००८-०९ च्या संकटात सरकारी पगार कापले, खाती छाटली, चलनाचं अवमूल्यन करायला नकार दिला, आणि एवढं करूनही पंतप्रधान डोम्ब्रोव्हस्किस २०१० ची निवडणूक जिंकले. लोकांना समजावून सांगितलं तर लोक सोसतात. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी युरोसुद्धा स्वीकारला.

मग तुमचा हिशोब या तिघांना का लागू होत नाही?

पायवाट

@ठाम, लागू होतो, आणि हीच तीन उदाहरणं घेऊन होतो.

कॅनडाने कपात केली तेव्हा शेजारी अमेरिका जोरात होती, कॅनेडियन डॉलर घसरलेला होता त्यामुळे निर्यात वाढली, आणि मध्यवर्ती बँकेला व्याजदर खाली आणायला भरपूर जागा होती. सरकारने काढून घेतलेली मागणी बाहेरून भरून निघाली. शिवाय केंद्राने प्रांतांना द्यायचा आरोग्य-शिक्षणाचा निधी कापला, म्हणजे ओझ्याचा एक भाग नुसता खालच्या सरकारांवर सरकला, तोही हिशोबात धरायला हवा.

स्वीडनने १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या चलनाचा, क्रोनाचा, दर बाजारावर सोडला, तो घसरला, निर्यात वधारली, आणि त्यानंतर तिजोरी सावरली. म्हणजे दोन्हीकडे चलन स्वतःचं, बाहेर गिऱ्हाईक हजर, व्याजदर खाली. गुणक लहान राहायला हेच लागतं.

लाटवियाकडे यातलं फारसं काही नव्हतं आणि म्हणून तिथे काय झालं ते बघा. एकट्या २००९ मध्ये अर्थव्यवस्था साधारण १४ टक्क्यांनी आकसली, बेकारी २० टक्क्यांच्या आसपास गेली. आणि तरुण माणसं उठून ब्रिटन, आयर्लंडला निघून गेली. २००८ च्या सुमारास लोकसंख्या २२ लाखांच्या आसपास होती ती काही वर्षांत २० लाखांवर आली. बेकारीचा आकडा खाली आला त्यात या गेलेल्या माणसांचाही वाटा आहे. पेन्शनकपात तर त्यांच्या घटनात्मक न्यायालयानेच २००९ च्या डिसेंबरमध्ये रद्द केली. एवढ्या छोट्या देशाला एवढी माणसं गमावणं म्हणजे काय हे आकड्यात मांडता येत नाही, पण मी तरी याला यश म्हणताना दहादा विचार करीन.

सांजसकाळ

@चौकस, ग्रीसचा प्रश्न रास्त आहे. कपात न करता ग्रीस सुटला असता असं मी म्हणतच नाहीये. १५ टक्के तूट कुठलाच देश फार काळ चालवू शकत नाही. पण किती वेगाने, आणि जुन्या कर्जाचं काय, हे दोन प्रश्न होते आणि दोन्हींची उत्तरं चुकली असं मला वाटतं.

२०१० च्या मे मध्ये ११० अब्ज युरोचं पॅकेज मिळालं, ८० अब्ज युरो वापरणाऱ्या इतर देशांकडून आणि ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून. त्यातला मोठा भाग जुन्या कर्जाच्या परतफेडीला गेला, ज्यात फ्रान्स, जर्मनीच्या बँकांचे पैसे अडकले होते. जुनं कर्ज त्याच वेळी कापलं असतं तर ग्रीसला एवढं कापावं लागलं नसतं. ते शेवटी कापलंच, २०१२ च्या मार्चमध्ये खाजगी रोखेधारकांना दर्शनी किमतीत निम्म्याहून जास्त सोडावे लागले, पण तोपर्यंत दोन वर्षं गेली होती आणि रोख्यांचा बराच भाग बँकांकडून सरकारी संस्थांकडे आला होता.

आणि माणसांचं काय झालं? २०१२ च्या फेब्रुवारीत किमान वेतन महिना ७५१ युरोवरून ५८६ वर आणलं, म्हणजे २२ टक्के कमी, आणि पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्के कमी. पेन्शन पुन्हा पुन्हा कापल्या. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर, तरुणांमध्ये ६० च्या जवळ. अर्थव्यवस्था साधारण एक चतुर्थांश आकसली. आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते कर्ज २००९ मध्ये जीडीपीच्या १२७ टक्क्यांच्या आसपास होतं, ते कर्जमाफी होऊनसुद्धा काही वर्षांत १८० च्या आसपास गेलं. वर मी १०३.५ चा हिशोब दिलाय तो हाच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर आणि खऱ्या माणसांवर.

नाणेनिधीने स्वतःच २०१३ च्या जूनमध्ये पहिल्या कार्यक्रमाचा आढावा घेताना त्यात ठळक अपयशं होती हे मान्य केलं.

नवशिकी

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही त्यामुळे बाळबोध वाटला तर समजून घ्या. एवढा सरळ हिशोब आहे तर मग एवढ्या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये कपातीला पाठिंबा का दिला? त्यांना गुणक माहीत नव्हता का?

तर्कट

@नवशिकी, अजिबात बाळबोध नाही, खरा प्रश्न हाच आहे.

पहिलं म्हणजे गुणक किती धरायचा यावर मतभेद होते. अंदाज बांधताना साधारण ०.५ धरला जात होता. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये नाणेनिधीचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी दाखवलं की संकटानंतरच्या वर्षांत तो प्रत्यक्षात ०.९ ते १.७ होता. ज्या देशांनी जास्त कापलं तिथे अंदाज जास्त चुकला.

दुसरं, एक विचारप्रवाह असा होता की कपातीने वाढ होते! अर्थतज्ज्ञ आल्बेर्तो आलेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की सरकारने खात्रीने खर्च कापला की लोकांना पुढे कर वाढणार नाहीत असा भरवसा वाटतो, व्याजदर उतरतात, गुंतवणूक वाढते. यासाठी डेन्मार्क १९८०च्या दशकात आणि आयर्लंड १९८७ नंतर ही उदाहरणं दिली जायची. पण पायवाट यांनी कॅनडाचं सांगितलं तेच इथेही दिसतं, आयरिश पौंडाचं १९८६ मध्ये अवमूल्यन झालं होतं आणि ब्रिटन तेव्हा तेजीत होतं. आलेसिनांचं एक निरीक्षण मात्र मला अजून महत्त्वाचं वाटतं, करवाढीवर बेतलेल्या ऑस्टेरिटीपेक्षा खर्चकपातीवरची कमी नुकसान करते. हे सगळ्यांना मान्य नाही, पण झटकून टाकण्यासारखंही नाही.

तिसरं, राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ एकदम कोसळते असा त्याचा अर्थ लावला गेला आणि मंत्र्यांनी तो आकडा जागोजाग वापरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला एक पीएचडीचा विद्यार्थी थॉमस हर्नडन त्यांची एक्सेल शीट घेऊन बसला तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडीतून सुटल्या होत्या, शिवाय काही वर्षांचा डेटा वगळला होता आणि देशांना वजन देण्याची पद्धतही चमत्कारिक होती. सगळं दुरुस्त केल्यावर ९० च्या वरच्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के नव्हे तर अधिक २.२ टक्के निघाली. कर्ज जास्त असेल तर वाढ थोडी कमी असते हे त्यातही दिसतं, पण तो कडा काही सापडत नाही. आणि कर्जामुळे वाढ मंदावते की मंदावलेल्या वाढीमुळे कर्ज फुगतं हे तर त्या आकड्यांवरून कळतच नाही.

जुना_लेखापाल

वाचतोय सगळं, चर्चा छान चाललीये. मी बरीच वर्षं एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेत काढली, तर कपातीचा आदेश वरून आला की खाली नेमकं काय होतं ते सांगतो, कारण वरच्या हिशोबात ते येत नाही.

आदेश येतो "सरसकट १० टक्के कपात". आता खर्चाची यादी समोर घ्या. पगार, पेन्शन, व्याज हा बांधील खर्च, त्याला हात लावता येत नाही. म्हणजे एकूण खर्चाच्या मोठ्या भागातून शून्य कपात, आणि उरलेल्या लहान भागातून सगळी. त्या लहान भागात असतं काय? देखभाल-दुरुस्ती, नवी बांधकामं, औषधं-उपकरणं, प्रशिक्षण, अनुदानं. १० टक्क्यांची कपात देखभालीच्या लेखाशीर्षावर येईपर्यंत ४०-५० टक्के झालेली असते! आणि देखभाल कापली तर त्या वर्षी काहीच होत नाही, छप्पर त्या वर्षी गळत नाही, पूल त्या वर्षी पडत नाही, कोणी मोर्चा आणत नाही. म्हणून ती पहिली जाते.

दुसरी पद्धत रिक्त पदं न भरण्याची. कागदावर कोणालाच काढलेलं नसतं. पण निवृत्त कोण होतं? ज्याला काम येतं तो. नवीन माणूस येतच नाही, मग शिकवायचं कोणाला, आणि पाच-सहा वर्षांनी भरती उघडते तेव्हा मधली पिढीच नसते.

तिसरी म्हणजे बिलं पुढे ढकलणं. वर्षअखेरीला ठेकेदाराची देयकं प्रलंबित ठेवली की यंदाची तूट कमी दिसते. पैसा द्यायचाच असतो, फक्त तो पुढच्या वर्षाच्या कपाळावर येतो, आणि ठेकेदार पुढच्या निविदेत तो उशीर धरूनच दर भरतो, म्हणजे सरकारला तेच काम महाग पडतं. यात वाचलं काय? मी अशा फायलींवर टिप्पणी लिहिलेली आहे, की हा खर्च टळत नाही, फक्त लांबतो आणि वाढतो. वाचून बाजूला ठेवली जायची.

तर ऑस्टेरिटीबद्दल बोलताना कृपया "किती टक्के" एवढंच विचारू नका, कुठल्या लेखाशीर्षातून ते विचारा.

रानपाखरू

जुना_लेखापाल, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवावा असा आहे. +१००

तुम्ही म्हणताय तसंच ब्रिटनमध्ये झालं. २०१० मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी कपातीचा कार्यक्रम आणला, व्हॅट (वस्तू-सेवांच्या विक्रीवरचा कर) २०११ च्या जानेवारीत १७.५ वरून २० टक्के केला, सरकारी पगार आधी दोन वर्षं गोठवले मग १ टक्क्याची मर्यादा घातली जी २०१७ पर्यंत चालली. आरोग्यसेवेचं बजेट "सुरक्षित" ठेवलं असं अभिमानाने सांगितलं गेलं. पण इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना केंद्राकडून येणारा निधी सात-आठ वर्षांत महागाई धरून जवळपास निम्मा झाला, आणि म्हाताऱ्या माणसांची घरी किंवा केअर होममध्ये काळजी घ्यायची जबाबदारी त्या परिषदांची. ती सेवा आटली. मग काय, बरे झालेले म्हातारे रुग्ण घरी सोडायची सोय नाही म्हणून हॉस्पिटलच्या खाटांवरच पडून राहिले, खाट रिकामी नाही म्हणून अपघात विभागात आलेले लोक ताटकळत राहिले. केअर होमपेक्षा हॉस्पिटलची खाट कितीतरी महाग. एका खिशातले वाचवून दुसऱ्या खिशातले जास्त घालवले आणि माणसांचे हाल झाले ते वेगळेच.

आणि ज्या परिषदा गरीब भागातल्या, त्यांचं स्वतःचं उत्पन्न कमी, त्या केंद्राच्या निधीवर जास्त अवलंबून, म्हणून त्यांनाच टक्केवारीने सगळ्यात मोठा फटका. मला या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच, की समान कपात म्हणून जी जाहीर होते ती समान कधीच पडत नाही. ज्याला सरकारी सेवेची गरज नाही त्याला ती कापल्याचं कळतसुद्धा नाही.

ठाम

रानपाखरू, ब्रिटनची तूट २०१० च्या सुमारास जीडीपीच्या १० टक्के होती, दशक संपेपर्यंत २ च्या आसपास आली आणि त्या काळात रोजगारही वाढले, हेही लिहा की. २०२० मध्ये महामारी आली तेव्हा सरकारला प्रचंड कर्ज काढता आलं ते काही अंशी यामुळेच असं म्हणणारे लोक आहेत आणि मला त्यात तथ्य वाटतं.

दुसरं, सगळी उदाहरणं कपातीने झालेल्या नुकसानाची येतायत, कपात पुढे ढकलल्याने झालेल्या नुकसानाचं एक देतो. श्रीलंका. २०१९ च्या डिसेंबरमध्ये व्हॅट १५ वरून थेट ८ टक्क्यांवर आणला, इतर करही कमी केले. महसूल कोसळला, मग महामारीत पर्यटन बंद, बाजारातून कर्ज मिळेना, नोटा छापून भागवलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवली. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या जवळ. इंधनासाठी दिवसदिवस रांगा. त्या महागाईने गरिबांच्या खिशातून जे काढलं ते कुठल्याही अर्थमंत्र्याने कापलं नसतं. ती पण ऑस्टेरिटीच, फक्त तिच्यावर कोणी सही केलेली नव्हती. नंतर २०२३ च्या मार्चमध्ये नाणेनिधीचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं, व्हॅट टप्प्याटप्प्याने चढून २०२४ मध्ये १८ वर गेला. वेळेत थोडं केलं असतं तर एवढं करावं लागलं नसतं.

सांजसकाळ

@ठाम, श्रीलंकेचं उदाहरण अगदी योग्य आहे आणि माझ्या म्हणण्याच्या विरोधात नाही. २०१९ ची करकपात ही मंदी रोखायला आखलेली नव्हती, निवडणुकीतलं आश्वासन होतं, आणि कर्जाचा मोठा भाग डॉलरमधला. जे चलन तुम्ही छापू शकत नाही त्यात कर्ज असेल तर गुणकाचा हिशोब करत बसायला वेळच मिळत नाही, डॉलर संपले की आयात थांबते. इथे तुमचा मुद्दा मान्य.

ब्रिटनचं मात्र तसं नव्हतं. कर्ज स्वतःच्या पौंडात, बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर २००९ पासून ०.५ टक्के, सरकारला स्वस्तात कर्ज मिळत होतं. त्यांना कोणी घाई केली नव्हती. "आपण ग्रीस होऊ" ही भीती तेव्हा दाखवली गेली, पण ग्रीसकडे स्वतःचं चलन छापू शकणारी मध्यवर्ती बँक नव्हती हा फरक लोकांना सांगितला नाही. कर्जाचं प्रमाण तर त्या दशकात बराच काळ चढतच राहिलं आणि ८० टक्क्यांच्या वर गेलं.

या फरकाचा पुरावा युरोपातच मिळतो. स्पेन, इटलीच्या रोख्यांचे व्याजदर २०११-१२ मध्ये भडकले होते, कपातीमागून कपाती होऊनही उतरत नव्हते. २६ जुलै २०१२ ला युरोपियन सेंट्रल बँकेचे तेव्हाचे प्रमुख मारियो द्रागी म्हणाले की युरो वाचवायला लागेल ते करू, आणि व्याजदर उतरायला लागले. त्यानंतर जाहीर केलेल्या रोखेखरेदीच्या योजनेतून एकही रोखा विकत घ्यायला लागला नाही. म्हणजे भीती नुसती तुटीची नव्हती, मागे कोणी उभं आहे की नाही याची होती. आणि हेही विसरू नका की स्पेनचं कर्ज २००७ मध्ये जीडीपीच्या ३६ टक्क्यांच्या आसपास होतं, आयर्लंडचं २५ च्या. दोघांच्या अर्थसंकल्पात तेव्हा शिल्लक होती! उधळपट्टी खाजगी बँकांनी आणि बिल्डरांनी केली, आणि आयर्लंडने बँका वाचवल्या त्या वर्षी, २०१० मध्ये, तूट जीडीपीच्या ३० टक्क्यांच्या वर गेली. पुढे पगार कापले गेले ते शिक्षकांचे आणि नर्सेसचे. पाप कोणाचं आणि प्रायश्चित्त कोणाला.

पायवाट

जुनं उदाहरण राहिलंय ते जोडतो. जर्मनीत १९३० च्या मार्चमध्ये हाइनरिश ब्र्युनिंग चॅन्सेलर झाले, ऐन महामंदीत त्यांनी वटहुकुमांनी सरकारी पगार कापले, बेकारभत्ता कमी केला, कर वाढवले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले. त्यापुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकट्या ऑस्टेरिटीमुळे हिटलर आला असं म्हणणं बरोबर नाही, व्हर्सायचा तह, बँकांचं कोसळणं, संसदेची कोंडी सगळं होतं, पण लोकांचा मधल्या पक्षांवरचा विश्वास उडायला या कपातींनी हातभार लावला हे नाकारता येत नाही.

आणि रोमानिया. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९८०च्या दशकात ठरवलं की सुमारे १० अब्ज डॉलरचं सगळं परकीय कर्ज फेडून टाकायचं. अन्नधान्य निर्यात केलं, देशात रेशन लावलं, कडाक्याच्या थंडीत घरं गरम करायला ऊर्जा मोजून दिली. कर्ज १९८९ मध्ये खरंच फिटलं. त्याच डिसेंबरमध्ये राजवट कोसळली. फक्त कर्जाचा आकडा बघितला तर इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी ऑस्टेरिटींपैकी ही एक म्हणावी लागेल, आणि म्हणूनच फक्त तो आकडा बघायचा नसतो.

चौकस

सगळे प्रतिसाद वाचले. माझा मूळ प्रश्न मात्र अजून तसाच आहे, तेजीत सरकारला भाग पाडणार कोण? युरोपने ३ टक्के तूट आणि ६० टक्के कर्ज असे नियम करून बघितले, जर्मनीने २००९ मध्ये घटनेतच घातलं की केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांच्या वर नको.

तर्कट

@चौकस, आणि त्या नियमाचं जर्मनीत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. तूट आटोक्यात राहिली, पण जुना_लेखापाल म्हणाले तसं पूल, रेल्वे, शाळांच्या इमारती मागे पडल्या. शेवटी २०२५ च्या मार्चमध्ये त्यांना घटना बदलून संरक्षणखर्चाला सूट द्यावी लागली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा वेगळा निधी उभारावा लागला. नियम हवा याला माझी ना नाही, पण त्यात चालू खर्च आणि गुंतवणूक वेगळी धरली पाहिजे, आणि मंदीत सूट तर तेजीत सक्ती अशी दोन्ही बाजूंनी धार हवी. आत्ताचे बहुतेक नियम मंदीत बोचतात आणि तेजीत कोणाला आठवतच नाहीत.

नवशिकी

खूप शिकायला मिळालं. शेवटचा एक प्रश्न, मग जपानचं काय? त्यांचं कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांच्या वर आहे म्हणतात, तरी तिथे ग्रीससारखं का झालं नाही?

सांजसकाळ

@नवशिकी, कर्ज येनमध्ये आहे, बहुतेक देशातल्याच लोकांकडे आणि संस्थांकडे आहे, रोख्यांचा जवळजवळ निम्मा हिस्सा त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे आहे आणि व्याजदर वर्षानुवर्षं शून्याच्या आसपास होते, त्यामुळे एवढं कर्ज असूनही व्याजाचा बोजा त्या मानाने हलका राहिला.

पण त्यांनीही मधेमधे घाई करून बघितलीये. १९९७ च्या एप्रिलमध्ये उपभोग कर ३ वरून ५ टक्के केला, त्याच वर्षी आशियाई संकट आणि बँकांची पडझड आली आणि मंदी लागली, सगळा दोष कराचा नाही पण वेळ वाईट होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये ५ चे ८ केले तर पुढच्या तिमाहीत लोकांचा खर्च धाडकन खाली आला, इतका की १० टक्क्यांची पुढची वाढ २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेली होती ती दोनदा पुढे ढकलत २०१९ पर्यंत नेली.

२०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी उणे व्याजदर संपवले, आता दर चढतायत, जुने रोखे मुदत संपून नव्या दराने निघत जातील तसं व्याज वाढणार. म्हणजे आत्तापर्यंत जे हलकं होतं ते तसंच राहील असं नाही. यावर चौकस आणि ठाम यांचं म्हणणं वाचायला आवडेल, कारण महागाई परत आलेली असताना आणि बेकारी कमी असताना थोडी थोडी तूट कमी करायला जपानला ही वेळ बरी आहे असं माझंही मत होत चाललंय, फक्त ती म्हाताऱ्यांच्या काळजीतून आणि देखभालीच्या लेखाशीर्षातून नको.